ग्रेड ३, डिग्री ४, ५६ टक्के: आजार वाढला की मोजपट्टी बदलली?

पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो, पाच एकर कोरडवाहू शेती आहे. माझे मिस्टर ३६ वर्षांचे. गेल्या हंगामात कापसावर फवारणी करताना त्यांना विषबाधा झाली. १९ दिवस व्हेंटिलेटरवर होते, दहाव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. वाचले, महिन्याने घरी आले, गळ्याचं भोकही बुजलं. पण दीड महिन्याने चालताना दम लागायला लागला आणि श्वास आत घेताना गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. जवळच्या डॉक्टरांनी दमा सांगितला, पंप आणि गोळ्या दिल्या. दोन महिने घेतल्या, फरक नाही. मग मोठ्या शहरात नेलं.

सीटी स्कॅनमध्ये लिहिलंय की श्वासनलिका सर्वात अरुंद जागी ७ मिमी, वरचा चांगला भाग १६ मिमी, ‘५६ टक्के स्टेनोसिस’, लांबी १८ मिमी. तीन दिवसांनी दुर्बिणीने तपासलं, त्यात ‘मायर-कॉटन ग्रेड ३’. पाच आठवड्यांनी दुसऱ्या दवाखान्यात परत दुर्बीण झाली. तिथे ‘स्ट्रक्चरल टाइप ४, डायनॅमिक टाइप १, डिग्री ४, लोकेशन १, सुमारे ८० टक्के’ असं आलं. ५६ चे ८० झाले, तीनचे चार झाले. म्हणजे नळी बंदच होत चालली का? रात्री त्यांच्या छातीवर हात ठेवून मी जागी असते. पहिले डॉक्टर म्हणतात फुग्याने रुंद करू. दुसरे म्हणतात ऑपरेशन करून तेवढा भाग काढून टाकू. दीर म्हणतात फुगाच बरा, कापाकापी नको. मी कोणता रिपोर्ट खरा धरू?

उत्तर:

ताई, आधी तुमच्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर देते. या तीन कागदांवरून आजार वाढल्याचं दिसत नाही. तिन्ही रिपोर्ट त्याच ७ मिमीच्या जागेबद्दल बोलताहेत. तिघांच्या मोजपट्ट्या तेवढ्या वेगळ्या आहेत.

वहीचं पान घ्या आणि माझ्यासोबत हिशेब करा. निरोगी भाग १६ मिमी, अरुंद भाग ७ मिमी. ७ ला १६ ने भागलं तर जवळजवळ ४४ टक्के येतात. म्हणजे रुंदी ४४ टक्के उरली, ५६ टक्के गेली. सीटीवाल्यांनी लिहिलेले ‘५६ टक्के स्टेनोसिस’, म्हणजे अरुंदपणा, हे असे आले, ते रुंदीचे आहेत. पण हवा काही रेषेतून जात नाही, ती भोकातून जाते. विहिरीचा व्यास निम्मा केला तर तिच्यात पाणी निम्मं मावत नाही, पाव मावतं. श्वासनलिकेचं तेच. भोकाचं क्षेत्रफळ काढायला दोन्ही आकड्यांचा वर्ग करा. १६ चा वर्ग २५६, ७ चा वर्ग ४९. २५६ पैकी ४९ म्हणजे १९ टक्के उरले, ८१ टक्के गेले. दुसऱ्या दवाखान्यातले ‘सुमारे ८० टक्के’ हेच. भोक तेच आहे. एकाने रुंदी मोजली, दुसऱ्याने क्षेत्रफळ.

आता तीन आणि चारचं. घाबरण्यासारखं तुम्हाला इथेच जास्त वाटलं असणार, कारण ग्रेड म्हटलं की चढती पायरी डोळ्यांसमोर येते. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या जिन्यांवरचे आहेत.

मायर-कॉटन ही मोजणी मुळात लहान मुलांसाठी निघाली. अमेरिकेत सिनसिनाटीला रॉबिन कॉटन आणि त्यांचे सहकारी अशा मुलांवर उपचार करत, ज्यांच्या स्वरयंत्राखालचा भाग नळी घातल्यामुळे आकसलेला असे. मुलाच्या वयाला किती जाडीची नळी बसायला हवी आणि प्रत्यक्षात किती जाडीची बसते, यावरून ते अरुंदपणा ठरवत. १९९४ साली ती पद्धत आजच्या रूपात मांडली गेली. ५० टक्क्यांपर्यंत अरुंद असेल तर ग्रेड १, ५१ ते ७० म्हणजे ग्रेड २, ७१ ते ९९ म्हणजे ग्रेड ३. आणि ग्रेड ४ म्हणजे भोक उरलेलंच नाही, वाट पूर्ण बंद. तुमच्या मिस्टरांचे ८१ टक्के या पट्टीवर ग्रेड ३ मध्ये बसतात.

दुसऱ्या दवाखान्याने वापरलेली पट्टी २००७ मधली आहे. जर्मनीतले लुट्झ फ्रायटाग आणि त्यांच्या बरोबरच्या अमेरिकेतल्या-फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ती युरोपियन रेस्पिरेटरी जर्नलमध्ये मांडली. मोठ्या माणसांच्या श्वासनलिकेचं आणि तिच्या दोन मुख्य फाट्यांचं वर्णन सगळ्यांनी एकाच भाषेत करावं, हा तिचा हेतू. तिच्यात अरुंदपणाच्या डिग्री शून्य ते पाच अशा आहेत. पाव भागापर्यंत अरुंद असेल तर १, निम्म्यापर्यंत २, ७५ टक्क्यांपर्यंत ३, साधारण ९० पर्यंत ४ आणि त्यापुढे, पूर्ण बंद धरून, ५. तुमचे ८१ टक्के इथे डिग्री ४ मध्ये येतात.

एका पट्टीवरचा ४ म्हणजे बंद दरवाजा आणि दुसरीवरचा ४ म्हणजे किलकिला दरवाजा. हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगायला हवं होतं. रिपोर्टवर नुसतं ‘डिग्री ४’ लिहून घरी पाठवलं की घरातल्या बाईची झोप उडते, याचा विचार आम्ही डॉक्टर पुरेसा करत नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

मग डोळ्यांनी ठरवलेल्या टक्क्यांवर विसंबायचं किती? थोडंच. दुर्बिणीच्या टोकाशी जो कॅमेरा असतो तो जवळ नेला की भोक मोठं दिसतं, मागे घेतला की लहान दिसतं. अरुंद श्वासनलिकांची स्थिर चित्रं फुप्फुसतज्ज्ञांना दाखवून अरुंदपणाचा गट विचारला गेला, तेव्हा साधारण निम्म्या चित्रांतच गट बरोबर निघाला. म्हणून पुढच्या तपासणीला टक्के विचारू नका. विचारा, ‘सर्वात अरुंद जागा किती मिलिमीटर आहे?’ मिलिमीटरला कोणतीही पट्टी लावली तरी तो बदलत नाही. ७ चे ६ झाले, ५ झाले, तर आजार वाढतोय. ७ चे ७ राहिले, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, जागा तेवढीच आहे.

मिलिमीटरला आणखीही अर्थ आहे. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण १५ ते २० मिमी रुंद असते. ती आकसत आकसत ८ मिमीच्या आसपास येईपर्यंत पुष्कळांना फारसं काही जाणवतच नाही. ८ च्या खाली गेलं की चढ चढताना, ओझं उचलताना दम लागतो. ५ च्या आसपास आलं की बसल्या जागी धाप लागते. तुमचे मिस्टर आज ७ वर आहेत. धुऱ्यावरून चालताना दम लागतो आणि बाजेवर बसलं की ठीक वाटतं, हे त्या ७ शी अगदी जुळतं. ७ आणि ५ मध्ये अंतर दोनच मिलिमीटरचं आहे, म्हणून हे ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणण्यासारखं दुखणं नाही. पण आज रात्री जागं राहण्यासारखंही नाही.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते सांगते. फ्रायटाग यांच्या वर्गीकरणात डिग्री हा फक्त एक भाग आहे. तुमच्या तिसऱ्या रिपोर्टमध्ये डिग्रीच्या आधी जे दोन टाइप आलेत, तिकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. फुगा की ऑपरेशन याचं उत्तर मात्र तिथेच आहे.

‘स्ट्रक्चरल’ म्हणजे रचनेतला दोष, जो श्वास आत घेतला काय नि बाहेर सोडला काय, तसाच राहतो. त्याचे चार प्रकार. नळीच्या आत गाठ किंवा मांसल वाढ झाली तर टाइप १. बाहेरून कशाचा दाब आला, म्हणजे मोठं गलगंड किंवा सुजलेल्या गाठी, तर टाइप २. नळी वाकली, मुरगळली, तर टाइप ३. आणि जखम भरताना व्रण आकसून नळी आवळली गेली तर टाइप ४. तुमच्या मिस्टरांचा हा चौथा. म्हणजे ही कॅन्सरची गाठ नाही. पत्रात तुम्ही ते विचारलेलं नाही, पण मनात आलं असेल म्हणून सांगितलं.

हा व्रण आला कुठून? व्हेंटिलेटरच्या नळीला टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. हवा बाजूने निसटू नये म्हणून तो श्वासनलिकेच्या आत फुगवतात. त्याचा दाब साधारण २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढा ठेवावा लागतो. त्याहून वाढला तर आतल्या नाजूक त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त पोचत नाही, त्वचा मरते, खालची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, उघडी पडते आणि तिला जंतू लागतात. पुढे जखम भरते, पण भरताना आकसते. हातावर भाजल्याचा मोठा डाग सुकताना कातडी कशी ओढली जाते ते तुम्ही पाहिलं असेल. तसंच आत, गोल नळीत होतं. गळ्याला भोक पाडलं की त्या जागीही असा व्रण होऊ शकतो. एकोणीस दिवस त्या नळीनेच त्यांचा जीव वाचवला, हे विसरू नका. विषबाधेत, मण्यारच्या दंशात, कोविडच्या लाटेत कितीतरी माणसं याच नळीवर तरली, आणि त्यांतल्या काहींना नंतर हे दुखणं लागलं. तुमच्या भागातल्या डॉक्टरांनी तर हे कायम डोक्यात ठेवायला हवं. फवारणीच्या विषबाधेतून बरा झालेला माणूस दीड-दोन महिन्यांनी शिट्टी वाजवत आला, तर पंप लिहून देण्याआधी त्याच्या गळ्यावरच्या व्रणाकडे बघावं.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण मुलगी माझ्याकडे आली होती. अपघातानंतर बारा दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेली. छातीत शिट्टी ऐकू आली, मी दमा धरला. तीन महिने पंपाचं औषध वाढवत नेलं. एक दिवस तिची आई म्हणाली, ‘डॉक्टर, हिचा आवाज श्वास घेताना येतो हो, सोडताना नाही.’ मी स्टेथोस्कोप छातीवरून उचलून गळ्यावर ठेवला आणि माझे हात गार पडले. सगळा आवाज गळ्यातच होता, छातीत फक्त त्याचे पडसाद येत होते. दम्यात शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते. गळ्याजवळची नळी अरुंद असली की श्वास घेताना वाजते. त्या दिवसापासून व्हेंटिलेटरवर राहून आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यावर मी आधी स्टेथोस्कोप ठेवते. तुमच्याही पत्रात ‘श्वास आत घेताना’ हे शब्द आहेत. तुम्ही नीट ऐकलंत.

यासाठी फुंकायची साधी टेस्ट असते, स्पायरोमेट्री. तिच्यात नुसते आकडे बघून चालत नाही, कागदावर उमटलेला आलेख बघायचा असतो. वरचा भाग श्वास सोडण्याचा, खालचा घेण्याचा. निरोगी माणसाचा खालचा भाग गोल टोपलीसारखा येतो. गळ्यातली नळी श्वास घेताना दबत असेल, तर टोपलीचा तळ सपाट होतो. वर-खाली दोन्हीकडे सपाट झालं आणि आलेख खोक्यासारखा दिसला, तर अरुंदपणा पक्का आहे, हलणारा नाही. तुमच्याकडे अशी टेस्ट झालेली दिसत नाही, ती करून घ्या. स्वस्त आहे आणि पुढे दर भेटीला तुलना करायला उपयोगी पडते. मात्र नळी ५-६ मिमीवर आली असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तेव्हा जोर लावून फुंकायला लावू नये. तेव्हा आधी वाट मोकळी करायची असते.

तिसऱ्या रिपोर्टमधला ‘डायनॅमिक टाइप १’ हा मला सगळ्यात मोलाचा शब्द वाटला. श्वासनलिका उघडी राहते ती इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या कूर्चेच्या कड्यांमुळे. अशी साधारण सोळा ते वीस कडी असतात, मागची बाजू मऊ पडद्याची. कडी शाबूत असतील तर व्रण नुसता आतल्या बाजूने पडद्यासारखा असतो. कडीच खराब झाली असेल, तर श्वासाबरोबर ती जागा आत-बाहेर होते, हा डायनॅमिक, म्हणजे हलणाऱ्या दोषाचा, टाइप १. नळीचा मागचा पडदाच ढिला होऊन आत येत असेल, तर त्याला डायनॅमिक टाइप २ म्हणतात. तुमच्या मिस्टरांना पहिला आहे. म्हणजे दुर्बिणीतून बघणाऱ्या डॉक्टरांना व्रणाखालची कूर्चा ढिली झालेली दिसली. व्रण मानेतल्या भागात असल्यामुळे श्वास घेताना तो आणखी आत ओढला जातो. म्हणूनच शिट्टी तेव्हा वाजते.

लोकेशन १ म्हणजे श्वासनलिकेचा वरचा तिसरा हिस्सा. २ म्हणजे मधला, ३ म्हणजे खालचा, ४ उजवा फाटा, ५ डावा फाटा. जागेला इतकं महत्त्व का, याचं आपल्याकडचं उदाहरण टीबीचं. टीबीने श्वासनलिकेच्या आतून जखम होते तेव्हा पुष्कळदा डावा फाटा आकसतो, आणि हे तरुण बायकांमध्ये जास्त दिसतं. गोळ्यांनी टीबी बरा होतो, पण फाटा आकसलेलाच राहतो. रिपोर्टवर तिथेही ‘टाइप ४, डिग्री ४’ असंच येईल, फक्त लोकेशन ५ असेल. आणि उपचार पार वेगळा.

आता दीरांच्या म्हणण्याकडे वळू. फुगा वाईट नाही. व्रण एक सेंटिमीटरपेक्षा कमी लांब असेल, पातळ पडद्यासारखा असेल आणि कूर्चा शाबूत असेल, तर तो तीन-चार जागी कापून फुग्याने रुंद करतात आणि पुष्कळांचं त्यावर भागतं. तुमच्या मिस्टरांचा व्रण १८ मिमी लांब आहे आणि कूर्चा ढिली आहे. अशा व्रणाला आम्ही गुंतागुंतीचा म्हणतो. तिथे फुग्याने जागा मोकळी होते, दोन-चार आठवडे बरं वाटतं आणि मग बहुधा ती परत आवळते, कारण उघडी धरून ठेवणारी कडीच उरलेली नसते. परत फुगा, परत प्रवास, परत भूल. आणि दर वेळच्या जखमेने व्रण लांबण्याचा धोका असतो. मग ज्या भागाचं ऑपरेशन सहज झालं असतं, त्याचं अवघड होऊन बसतं.

तरी पहिल्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये फक्त ग्रेड आहे. मायर-कॉटन पट्टी लांबी विचारत नाही आणि कूर्चेबद्दलही विचारत नाही. कूर्चा ढिली असल्याचं त्यांना दिसलं नसेल, किंवा दुर्बीण व्रणाच्या आत घातलीच नसेल. ५ मिमी जाडीची दुर्बीण ७ मिमीच्या भोकात घातली तर निम्मी वाट दुर्बीणच अडवते, म्हणून शहाणा डॉक्टर वरूनच बघून थांबतो. तेव्हा तिसरा रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडेच परत जा आणि विचारा, ‘साहेब, कूर्चा ढिली आहे असं इथे लिहिलंय, लांबी १८ मिमी आहे. तरी फुगाच करायचा का?’ त्यांचं मत बदलू शकतं. किंवा ते म्हणतील की आधी फुग्याने वाट मोकळी करू, सूज उतरू दे, मग ऑपरेशन. तेही बरोबर आहे. ऑपरेशनपर्यंतचा वेळ निभावण्यासाठी फुगा उत्तम.

ऑपरेशनची भीती घरात सगळ्यांना वाटणार, म्हणून त्यात काय करतात ते सांगते. आवळलेला तुकडा काढून वरचं निरोगी टोक खालच्या निरोगी टोकाला शिवतात. बॉस्टनमध्ये हर्मीस ग्रिलो यांनी हे तंत्र गेल्या शतकात वर्षानुवर्षं घासून पक्कं केलं. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण ११ सेंटिमीटर लांब असते, आणि माणूस तरुण असेल, मान लवचिक असेल, तर गरज पडल्यास निम्म्यापर्यंत लांबी काढूनही टोकं जुळवता येतात. तुमच्याकडे प्रश्न १८ मिमीचा आहे, आजूबाजूचं थोडं धरून दोन-अडीच सेंटिमीटर. चीर बहुतेक वेळा मानेवरच, छाती उघडावी लागत नाही. अनुभवी हातांत हे ऑपरेशन झालेली बहुतेक माणसं पुढे मोकळा श्वास घेतात. एक गोष्ट मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर शुद्धीवर आल्यावर घाबरतील. हनुवटीपासून छातीपर्यंत कातडीत एक जाड टाका घालतात आणि तो साधारण आठवडाभर ठेवतात. मान मागे टाकली तर आतल्या शिवणीवर ताण येतो, म्हणून. आठवडाभर खाली बघून राहायचं, जेवायचं तसंच, झोपायचं मानेखाली उशा घेऊन.

हे ऑपरेशन कोणीही करू नये. शक्यतो जिथे फुप्फुसतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे सर्जन आणि छातीचे सर्जन तिघंही एकत्र बसून केस बघतात, तिथे जा. डॉक्टरांना थेट विचारा की अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत. रागावणार नाहीत, रागावले तर दुसरीकडे जा. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा, हे ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का ते लेखी विचारा, आणि मगच भरती व्हा.

कुणी आतून नळी उघडी धरणारी जाळी (स्टेंट) बसवू म्हणालं तर दोन प्रश्न करा. जाळी कशाची आणि किती दिवसांसाठी? कॅन्सर नसलेल्या दुखण्यात धातूची जाळी सहसा टाळायची असते. २००५ मध्येच अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने याबद्दल इशारा दिला होता. मांस तिच्या तारांमधून वाढतं, जाळी आत रुतते, तारा तुटतात, आणि मग ती काढणं हेच मोठं ऑपरेशन होऊन बसतं. सिलिकॉनची जाळी किंवा इंग्रजी टी अक्षरासारखी गळ्यातली नळी ही वेगळी गोष्ट. ती काढता येते, आणि जिथे ऑपरेशन शक्य नाही तिथे तिचा फार आधार होतो. तुमच्या मिस्टरांना पहिल्यांदाच जाळी लागावी असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

आणखी एक. दम्यासाठी दिलेल्या गोळ्यांचं पाकीट शोधा. प्रेडनिसोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन असं काही लिहिलेलं असेल आणि ते अजून घेत असतील, तर सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा. स्टिरॉइड चालू असताना शिवलेली जागा नीट भरत नाही, ऑपरेशनआधी ते कमी करत आणावं लागतं. पण स्वतःहून एका दिवसात बंद करू नका. दोन महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर शरीर कोलमडतं. पंपाने हा व्रण उघडणार नाही, तरी तोही डॉक्टरांना विचारूनच सोडा.

तोपर्यंत घरात काय बघायचं? रात्री छातीवर हात ठेवू नका ताई, कानाने ऐका. बसल्या जागी शिट्टी यायला लागली, एक वाक्य सलग बोलता येईना, श्वास घेताना गळ्याच्या खोबणीत खड्डा पडायला लागला, ओठ निळसर झाले, किंवा खोकून खोकून कफ सुटत नाही आणि एकदम गुदमरल्यासारखं झालं, तर थांबू नका. अरुंद जागेत घट्ट कफाचा गोळा अडकला तर ७ मिमी काही मिनिटांत शून्य होऊ शकतात. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि जिथे दुर्बीण आणि गळ्याचं ऑपरेशन होतं अशाच दवाखान्यात न्या, तो थोडा लांब असला तरी. कुठला, ते आजच ठरवून ठेवा. कफ पातळ राहावा म्हणून पाणी भरपूर, धूर-धूळ टाळायची, चुलीजवळ बसायचं नाही. सर्दी-खोकला झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि फवारणीला त्यांनी या हंगामात जायचं नाही, पंप पाठीवर घ्यायचाच नाही. हे माझ्या नावाने सांगा.

पुढच्या भेटीला सीटीची सीडी न्या, नुसता कागद पुरत नाही. दोन्ही दुर्बिणींचे व्हिडिओ मागून पेनड्राइव्हवर घ्या, तो तुमचा हक्क आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय घेणारा सर्जन तो व्हिडिओ स्वतः बघेल आणि मिलिमीटर स्वतः मोजेल.

आणि एक छोटं कार्ड करून त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवा. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी, अपघातात, अगदी हर्नियाच्या भुलीसाठीसुद्धा कुणी घाईत नेहमीच्या जाडीची नळी आत घालायला गेलं, तर ती त्या ७ मिमीवर अडेल. कार्डावर ठळक अक्षरांत लिहा: ‘माझी श्वासनलिका स्वरयंत्राखाली अरुंद आहे. सर्वात अरुंद जागा ७ मिमी, लांबी १८ मिमी. भूल देण्याआधी किंवा नळी घालण्याआधी हे वाचा.’ खाली तारीख, तुमचा फोन नंबर आणि डॉक्टरांचा फोन नंबर. दुसरं तसंच कार्ड तुमच्या बटव्यात ठेवा.